दोष माणसाचा की मांडणीचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

भोवतालची परिस्थिती, न्याय आणि माणसाचं स्वास्थ्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रांचा गाभा ठेवला आहे, नावगाव काढलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे ताण वाढल्याची कुरकुर झाली की व्यवस्थापन ध्यानधारणेचं शिबिर भरवतं. मी ते मनापासून करते. तरी रक्तदाब चढलेलाच असतो आणि झोप लागत नाही. उद्याची पाळी आदल्या रात्री कळते, दोन वरिष्ठ एकाच वेळी दोन कामं लावतात आणि उशीर झाला की जाब मला विचारतात. ‘मन खंबीर कर,’ असं सगळे सांगतात. माझंच मन कमकुवत आहे का?

उत्तर : पत्रावरून तरी तसं दिसत नाही. दिसतं ते इतकंच, की काम अंगावर आहे, पण त्या कामातलं काहीच तुमच्या हातात नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. नुसतं काम जास्त असणं माणूस पेलू शकतो. काम जास्त आणि त्यावर ताबा कमी, ही जोडी मात्र शरीराला महागात पडते.

याला भक्कम पुरावा मिळाला तो लंडनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासातून. १९६७ मध्ये सुमारे १८ हजार पुरुषांपासून तो सुरू झाला. सगळे पगारदार, सगळे कचेरीतले, अन्नाला मोताद कोणीच नव्हतं. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. मधल्या श्रेणींचा मृत्युदरही याच दोन टोकांच्या दरम्यान, पायरीपायरीने होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यात कामावरचा ताबा कमी असणं आणि हृदयविकार यांचा संबंध स्पष्ट दिसला. २००५ मध्ये त्यातल्याच पुरुषांचं एक विश्लेषण आलं. वरिष्ठ आपलं ऐकतात, कारण सांगतात, एक नियम सगळ्यांना लावतात, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. न्याय्य वागणूक फक्त मनाला बरी वाटते असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शरीरात काय होतं तेही समजून घ्या. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, हृदय जोरात चालतं, रक्तातली साखर वर जाते. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. उद्या काय वाढून ठेवलंय हे कधीच कळत नसेल तर धोका टळल्याची खूण शरीराला मिळत नाही. ती यंत्रणा चालूच राहते आणि रक्तवाहिन्या, झोप, प्रतिकारशक्ती यांची झीज होते. ध्यानाने ही यंत्रणा काही वेळ शांत होते, म्हणून ते सोडू नका. पण रात्री नऊला पाळीचा निरोप आला की ती पुन्हा सुरू होणार.

आता काय करायचं? रक्तदाबासाठी डॉक्टरांकडे जा. कामाची घडी बसेपर्यंत थांबू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल तर उपचार लांबवणं बरं नाही. त्याच्या जोडीला १४ दिवसांची नोंद ठेवा. रोज पाच गोष्टी लिहायच्या : पाळी किती तास आधी कळली, आलो-गेलो ती वेळ, दिवसात काम कितीदा मध्येच बदललं, ते कोणी बदललं, रात्री किती तास झोप झाली. मत लिहू नका, फक्त वेळा आणि घटना लिहा. ‘खूप ताण होता’ हे वाक्य बैठकीत कोणीही उडवून लावतं. ‘१४ पैकी ११ दिवस पाळी १२ तासांहून कमी वेळ आधी कळली’ हे उडवून लावणं अवघड जातं.

मग आणखी दोघातिघांच्या नोंदी जोडा आणि मोजता येईल अशी मागणी ठेवा. वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी लागावं. ते बदललं तर कारण लेखी मिळावं. सहकाऱ्याशी पाळी बदलून घेण्याची मुभा असावी. दोन कामं एकत्र आली तर आधी कोणतं, हे एकाच माणसाने सांगावं. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. युरोपीय संघाच्या नियमात ती २४ तासांत सलग ११ तास आहे. यातल्या बहुतेक मागण्यांना खर्च जवळपास नाहीच.

हे फसतं कुठे? एकट्याने मांडलं की तो ‘स्वभावाचा प्रश्न’ ठरतो. ‘ताण कमी करा’ एवढंच मागितलं तर पुढच्या महिन्यात आणखी एक शिबिर मिळतं. आणि सूचनापेटी आली की बहुधा विषय तिथेच मिटतो, कारण पेटी उघडून उत्तर कोणी आणि कधी द्यायचं हे कुठेच ठरलेलं नसतं.

प्रश्न : आमच्या वस्तीत सुमारे ४०० घरं आहेत. आजारपण, भांडणं, मुलांची गळती, सगळंच वाढतंय. आम्ही काही तरुण एकत्र आलो आहोत. पाहणी करून कारणं शोधायची आहेत. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : पाहणीआधी एक निर्णय घ्या : निघालेल्या माहितीचं काय करणार? ज्या माहितीवरून तुमचा पुढचा एकही निर्णय बदलणार नाही ती विचारू नका. ही एक अट पाळली तर ६० प्रश्नांची यादी आपोआप १५ वर येते. एका घरी २० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. त्यानंतर लोक सुटका करून घेण्यासाठी उत्तरं देऊ लागतात.

४०० घरांत सगळीकडे जायची गरज नाही. १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर चौथं घर घ्या. १०० घरं होतील. त्यातून निघालेली टक्केवारी साधारण १० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते, एवढं ध्यानात ठेवा. म्हणजे ४० आणि ४५ टक्क्यांमधल्या फरकावर भाषण ठोकू नका. २० आणि ५० मधला फरक खरा मानायला हरकत नाही. घर बंद असलं तर शेजारचं घर घ्यायचं नाही. वेगळ्या वेळी, सुटीच्या दिवशी, निदान दोनदा परत जायचं. घर बंद असतं कारण माणसं दोन-दोन ठिकाणी राबत असतात, आणि तुम्हाला शोधायचं आहे ते याच घरांमध्ये आहे. दार उघडं सापडलेल्यांचीच पाहणी केली तर वस्ती आहे त्यापेक्षा निवांत भासेल.

विचारायचं काय? आजारपण ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असं विचारा. रुग्णालयात दाखल होणं किंवा काम सुटणं ‘गेल्या वर्षभरात’ विचारलं तर चालतं. किरकोळ दुखणी लोक पंधरवड्यात विसरतात, मोठे प्रसंग वर्षभर आठवतात. मनःस्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली वापरा. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न वाटलं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात रस वाटेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण २५. त्याला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली असेल तर त्या व्यक्तीची नीट विचारपूस व्हायला हवी. हे निदान नव्हे. घरात बसून कोणाला ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असं सांगू नका.

त्याच्या जोडीला परिस्थितीचे प्रश्न हवेत : पाणी दिवसातून किती वेळ आणि कधी येतं, एका खोलीत किती जण झोपतात, कामावर जायला-यायला किती वेळ लागतो, उत्पन्न आठवड्याला ठरलेलं असतं की रोज बदलतं, घर सोडावं लागेल अशी भीती आहे का, अडचणीत कोणाकडे जाता येतं, दवाखान्यात किंवा कचेरीत शेवटचा अनुभव कसा होता. हा शेवटचा प्रश्न गाळू नका. अपमान झालेला माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही आणि आजार अंगावर काढतो.

घरात एकाच व्यक्तीला विचारून भागत नाही. बायका, म्हातारी माणसं, वयात आलेली मुलं यांच्याशी वेगळं, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं बोला. आधी पाच-सहा घरांत चाचणी घ्या. लोकांना न कळलेले प्रश्न तिथेच समजतात. कोणी घरातली मारहाण सांगितली किंवा जीव द्यावासा वाटतो असं म्हटलं तर काय करायचं, कोणाला गाठायचं, हे पहिल्या घराचं दार वाजवण्याआधी ठरलेलं असावं. हे ठरलं नसेल तर पाहणी पुढे ढकला.

आकडे मांडताना सर्वांत जास्त घोळ होतो. एका गल्लीत १२ आजारी निघाले, दुसरीत ८. पहिली गल्ली वाईट? पहिलीत ३०० माणसं आणि दुसरीत ८० असतील तर प्रमाण अनुक्रमे ४ आणि १० टक्के येतं, म्हणजे चित्र उलटं होतं. दुसऱ्या गल्लीत म्हातारी माणसंच जास्त असतील तर तेही वेगळं काढावं लागतं, म्हणून तुलना सारख्या वयोगटांत करा. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा जाहीर करू नका. छोट्या वस्तीत ‘एक विधवा, दोन मुलं’ एवढं लिहिलं तरी घर ओळखता येतं.

कारण शोधताना प्रत्येक प्रश्नाला चार पातळ्यांवर ‘कशामुळे’ विचारा : माणूस, घर, वस्ती, नियम. मुलगा शाळेत डुलक्या घेतो. रात्री झोप होत नाही. पहाटे पाण्याला उठावं लागतं. पाणी पहाटे तासभरच सुटतं, कारण सोडण्याची वेळ कोणीतरी ठरवली आहे. पहिल्या पातळीवर थांबलात तर मुलाला शिस्तीवर व्याख्यान मिळेल. शेवटच्या पातळीला पोचलात तर वेळ बदलून मागता येते. म्हणून प्रत्येक कारणापुढे तीन रकाने आखा : हा निर्णय कोणाचा, तो पुन्हा कधी घेतला जाणार, त्याआधी तिथे कोण बोलू शकतं. आमच्या मते सगळ्या पाहणीतला सर्वांत कामाचा कागद हाच.

निष्कर्ष आधी वस्तीला सांगा, मग बाहेर. लोकांनी ‘हे असं नाही’ म्हटलं तर दुरुस्त करा. शिकागोत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांना विचारलं होतं की मुलं उनाडताना दिसली, मारामारी झाली तर शेजारी मध्ये पडतील का आणि शेजाऱ्यांवर विश्वास आहे का. जिथे उत्तर ‘हो’ होतं तिथे गरिबी सारखीच असूनही हिंसा कमी आढळली. तुमची पाहणी परस्परविश्वास वाढवूही शकते आणि मोडूही शकते. माहिती घेऊन गायब झालेली मंडळी वस्तीने याआधी पाहिलेली असतात, आणि पुढच्या वेळी दार न उघडण्यामागे बहुधा तेच कारण असतं.

प्रश्न : आमची छोटी संस्था गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. अर्ज पुष्कळ, जागा थोड्या. दरवर्षी पक्षपाताचा आरोप होतो, खरं तर आम्ही कोणाचीच बाजू घेत नाही. लोकांना समजावायचं कसं?

उत्तर : समजावण्याआधी तुमची रीत तपासा. हेतू शुद्ध आहे, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्याला फक्त रीत दिसते. जेराल्ड लेव्हेन्थल यांनी १९८० मध्ये न्याय्य रीतीच्या सहा कसोट्या सांगितल्या : सगळ्यांना एकच नियम, स्वार्थाला वाव नाही, माहिती अचूक, चुकलं तर सुधारण्याची सोय, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचा आवाज आणि नीतीला धरून वागणं. नकार मिळाला तरी रीत न्याय्य वाटली तर लोक तो बऱ्याच अंशी स्वीकारतात, असं या विषयातलं संशोधन पुन्हा पुन्हा दाखवतं.

तुमच्या कामात याचा अर्थ असा. निकष आणि त्यांचे गुण अर्ज मागवण्याआधी छापा, नंतर बदलू नका. अर्जावरचं नाव आणि आडनाव झाकून त्याला क्रमांक द्या. प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे गुण न पाहता तपासावा. फरक मोठा आला, समजा १०० पैकी १५ हून जास्त, तर तिसऱ्याने पाहावा. अर्जदार ओळखीचा किंवा नात्यातला निघाला तर त्या सदस्याने तो अर्ज सोडावा आणि तसं वहीत नोंदवावं. शेवटच्या जागेसाठी गुण सारखे झाले तर सगळ्यांसमोर सोडत काढा. ‘आतून विचार करून’ ठरवण्यापेक्षा सोडत कधीही बरी, कारण आतल्या विचारात ओळखीचा माणूस नकळत पुढे सरकतो.

नकाराच्या पत्रात चार गोष्टी हव्यात : कोणत्या निकषावर किती गुण मिळाले, निवड कितीला थांबली, फेरविचार कोणाकडे मागायचा, किती दिवसांत. फेरविचार करणारी व्यक्ती मूळ समितीतली नसावी. वर्षाअखेरीस पाहा, किती अपिलांत निर्णय बदलला. बरीच अपिलं येऊनही एकही बदलला नसेल तर ती सोय नावापुरती आहे आणि लोकांनी ते ओळखलेलं असतं. मुलं-मुली, जवळचे-लांबचे, निरनिराळे समाज, यांत अर्ज किती आले आणि मंजूर किती झाले तेही मांडून बघा. एखाद्या गटाचे अर्जच आले नसतील तर गुणदान कितीही चोख असो, जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.

दोन गोष्टी टाळा. निर्णय झाल्यावर ‘तुमचं मत सांगा’ म्हणून बैठक घेऊ नका. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यात असल्या मनधरणीला खऱ्या सहभागात जागा नाही. दुसरं, मुलाखतीत गरिबी सिद्ध करायला लावू नका. घरी किती भांडी, बापाला व्यसन आहे का, हे प्रश्न गुणपत्रिकेत नाहीत ना? मग विचारायचे कशाला? धनादेशासह छायाचित्राचंही तेच. मुलाचा तो फोटो पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतो.

आणि सगळ्यांना सारखं की गरजेनुसार? दोन्ही जमवता येतं. इंग्लंडमधल्या आरोग्य-विषमतेवरच्या मार्मट अहवालाने २०१० मध्ये मार्ग सुचवला होता : सोय सर्वांसाठी, पण तिची मात्रा गरजेच्या प्रमाणात. तुमच्या बाबतीत, मार्गदर्शन आणि अभ्यासिका सगळ्या अर्जदारांना खुली ठेवा, पैसा गरजेच्या पायऱ्यांनी द्या. फक्त सर्वांत गरिबांसाठी ठेवलेल्या सोयीवर शिक्का बसतो, आणि रेषेच्या जरा वर असलेला कायमचा दुखावतो.

प्रश्न : गरिबी वाईट हे पटतं. पण नुसती विषमता वाईट कशी? कोणी श्रीमंत झाला तर माझं काय बिघडतं?

उत्तर : तीन वाटांनी बिघडतं, पण तिघींचा पुरावा सारखा पक्का नाही. पहिली वाट हिशेबाची. सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान यांचा आलेख मांडला. उत्पन्न कमी असताना थोड्या वाढीने आयुर्मान झपाट्याने चढतं, पुढे रेघ आडवी होत जाते. माणसांच्या बाबतीतही कल तोच असल्याने, तोच पैसा वरून खाली आला तर सरासरी आरोग्य सुधारतं. दुसरी वाट सोयींची. ऐपतदार मंडळी सार्वजनिक शाळा-दवाखाने सोडून गेली की त्यांच्या दर्जाबद्दल आवाज उठवणारं कोणी उरत नाही. डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते. तिसरी वाट तुलनेची : आपण कोणाच्या तरी खाली आहोत ही सततची जाणीव. व्हाइटहॉलसारख्या अभ्यासांनी तिला बळ दिलं, पण विषमता स्वतंत्रपणे किती मृत्यू घडवते यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. आम्ही पहिल्या दोन वाटांवर जास्त भर देऊ.

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात काम करते. लोक दिलेल्या तारखेला येत नाहीत, औषध मध्येच सोडतात, फॉर्म अर्धवट भरतात. शंभरदा सांगून झालं. बेफिकिरीला औषध आहे का?

उत्तर : बेफिकिरीचं निदान करण्याआधी दोन तपासण्या करा.

पहिली गळतीची. समजा, तुमच्या भागात १०० जणांना उपचाराची गरज आहे. ८० जणांना सोय आहे हे ठाऊक. ६५ जण केंद्राच्या वेळेत पोचू शकतात. ६० जण एकदा आले. २५ जण दुसऱ्यांदा आले. २० जणांनी उपचार पुरा केला. मोठी घसरण ६० वरून २५ वर झाली. लोक आले होते, म्हणजे बेफिकीर नव्हते. पहिल्या भेटीत काहीतरी घडलं. टी. तानाहाशी यांनी १९७८ मध्ये सेवा लोकांपर्यंत पोचण्याच्या अशा पायऱ्या आखून दिल्या आणि त्या आजही उपयोगी पडतात. तुमच्या नोंदवह्यांतून हे आकडे निघतात, फक्त कोणी एका कागदावर आणलेले नसतात. बहुतेक ठिकाणी सगळा जोर पहिल्या पायरीवर, म्हणजे जनजागृतीवर जातो, गळती मात्र पुढे कुठेतरी असते.

दुसरी तपासणी ओझ्याची. ओळखपत्र बाजूला ठेवा आणि रुग्ण म्हणून पूर्ण चक्कर मारा. किती खिडक्या, किती कागद, किती झेरॉक्स, किती सह्या, किती तास, किती बुडालेली मजुरी, किती वेळा कोणी ‘तिकडे विचारा’ म्हणालं. एकच माहिती दोनदा विचारली जाते त्या जागेवर फुली मारा. मग एकेक फुली काढत जा.

टंचाई डोक्यावरही भार टाकते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांवर २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात तीच माणसं कापणीआधी, हात आखडता असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडली आणि कापणीनंतर पुढे गेली. परिणाम नेमका किती मोठा यावर पुढे मतभेद झाले. पण सावकाराचा विचार डोक्यात असताना सहा पानी फॉर्म चुकतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

उपाय साधे आहेत. तारीख तुम्ही देऊ नका. दोन पर्याय ठेवा आणि निवडू द्या. आठवड्यातून निदान एक दिवस संध्याकाळी केंद्र उघडं ठेवा. आदल्या दिवशी निरोप पाठवा, त्यात ‘येता येत नसेल तर नवी वेळ मागा’ हे वाक्य हवंच, नाहीतर तारीख चुकवलेला माणूस बोलणी बसतील म्हणून येतच नाही. फॉर्ममधले माहीत असलेले रकाने तुम्हीच भरून द्या. औषध सोडलेल्याला ‘का सोडलं?’ विचारू नका. ‘गोळी घेणं कोणत्या दिवशी अवघड जातं?’ असं विचारा, कारणं आपसूक बाहेर पडतात : चक्कर येते, कामाची पाळी बदलली, गोळ्या घरात कोणाला दिसू द्यायच्या नाहीत.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी माझ्यावर उघड अन्याय झाला. आता ‘समेटाची बैठक’ ठेवली आहे. घरचे म्हणतात, झालं गेलं विसरून जा. जाऊ का?

उत्तर : जाणं तुमच्यावर आहे. ‘नाही’ म्हणायची खरी मोकळीक नसेल तर ती बैठक समेटाची नाही. जायचं ठरवलंत तर आधी चार गोष्टी लेखी मागा : चालवणारा माणूस दोन्ही बाजूंपासून स्वतंत्र आहे का, समोरच्याने घडलेली गोष्ट मान्य केली आहे का, सोबत कोणाला आणता येईल का, आणि बैठकीला गेल्याने तक्रारीचा हक्क जात नाही ना. घडलंच नाही असं समोरचा म्हणत असेल तर बैठक नको, चौकशी हवी. तो तुमच्या बढतीवर सही करणारा असेल, किंवा मारहाण आणि लैंगिक छळाचा प्रकार असेल, तर समोरासमोर बसण्याचा आग्रह धरणंच चूक आहे.

बैठकीचा क्रम असा असावा : काय घडलं, त्याने कोणाचं काय नुकसान झालं, ते भरून काढायला काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. दिलगिरीला तारीख आणि काम जोडलेलं असलं तर ती उपयोगाची. विसरायचं की नाही, ते त्यानंतर तुमच्या सवडीने ठरवा.

प्रश्न : (एका शिक्षकाचा) सवलतीस पात्र मुलांची नावं वर्गात वाचून दाखवतो. जातीचा रकानाही तेव्हाच विचारून भरतो. यात काही बिघडतं का? मुलांना तर सवय आहे.

उत्तर : बिघडतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली, वाट शोधायच्या चक्रव्यूहाची. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि उच्च जातींच्या मुलांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर प्रत्येकाची जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घसरली. मुलं तीच, कोडी तशीच.

रकाना प्रवेशाच्या नोंदवहीतून भरा, मुलाला विचारू नका. सूचना सगळ्या वर्गाला सारख्याच बंद पाकिटातून घरी पाठवा, ज्यांना सवलत नाही त्यांनाही. नाहीतर कोणाला पाकीट मिळालं यावरूनच यादी तयार होते. पालकांच्या सह्या आणायची मुदत सगळ्यांना एकच ठेवा. काही राहिलं असेल तर त्या मुलाला वर्गातून हाक मारून बोलावू नका, सुटी झाल्यावर गाठा.